तुटलेली तार काय सांगते?

मागच्या वेळी प्रमाणांविषयी बोलताना मी अनुपलब्धीला पाच मिनिटांत गुंडाळलं, आणि त्यावर दोघा-तिघांनी रास्त तक्रार केली. ती थकबाकी आज फेडायची आहे. फक्त ती मी ग्रंथालयात बसून फेडणार नाही, भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तुम्हाला घेऊन जाणार आहे. तेव्हा शीर्षक वाचून जे तत्त्वज्ञानाच्या अपेक्षेने आले असतील त्यांनी जरा धीर धरावा, आणि जे इलेक्ट्रिकच्या कामातले असतील त्यांनी माझ्या चुका नंतर सांगाव्यात.

झालं असं, की माझा एक जुना विद्यार्थी तिथे एक छोटा प्रशिक्षणवर्ग चालवतो. कारखान्यातली पॅनेलं, मोटारी, सेन्सर आणि पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, हे सगळं तिथे शिकवतात. येणारी मुलं बहुतेक आयटीआय झालेली, काही डिप्लोमावाली, दोन-तीन बीई होऊन घरी बसलेली. हा एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "सर, पोरांना प्रोग्रॅम लिहिता येतो, पण त्याचा अर्थ विचारला की गप्प बसतात. तुम्ही आम्हाला तर्कशास्त्र शिकवायचात. आठवड्यातून एकदा या ना." मी गेलो. शिकवायला म्हणून गेलो खरा, पण दुसऱ्या आठवड्यापासून मागच्या बाकावर वही घेऊन बसायला लागलो.

आधी हे पीएलसी म्हणजे काय ते पाहू, कारण आपल्यापैकी अनेकांनी ते कधी पाहिलेलं नसेल. कारखान्यातलं कुठलंही यंत्र घ्या. बाटली पुढे आली का, झाकण बसलं का, दार बंद आहे का, टाकी भरली का, अशा प्रश्नांची उत्तरं घेऊन त्याला काहीतरी करायचं असतं. पूर्वी हे काम रिले करायचे. रिले म्हणजे एक कॉइल आणि तिच्या ओढीने हलणारे काही कॉन्टॅक्ट. कॉइलला वीज नसताना जो कॉन्टॅक्ट उघडा असतो तो एनओ, जो मिटलेला असतो तो एनसी. दोन कॉन्टॅक्ट एकापुढे एक जोडले की 'आणि' झालं. शेजारी शेजारी जोडले की 'किंवा'. एनसी लावला की 'नाही'. संपला विषय. जॉर्ज बूलने १८५४ साली विचारांचे नियम म्हणून जे बीजगणित मांडलं, ते इथे तांब्या-पितळेत उतरलेलं दिसतं.

हे उतरवणं पहिल्यांदा नीट ओळखलं क्लॉड शॅनन नावाच्या विशीतल्या मुलाने, १९३७ साली, एमआयटीतल्या आपल्या पदव्युत्तर प्रबंधात. आणि एक गोष्ट मी आमच्या विभागात दरवर्षी सांगत असे. बूलचं ते तर्कशास्त्र शॅननला भेटलं होतं मिशिगन विद्यापीठात, तत्त्वज्ञानाच्या तासाला! (हशा) हसू नका. तत्त्वज्ञान शिकून पोट भरतं का, असं विचारणाऱ्या पालकांना माझ्याकडे तेवढं एकच चांगलं उत्तर होतं.

तर रिले. अडचण अशी होती की मोटारीच्या कारखान्यात मॉडेल बदललं की भिंतीएवढी रिले पॅनेलं उसकटून पुन्हा जोडावी लागत. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने याला पर्याय मागितला. त्याच वर्षी बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्याचे सहकारी अशाच यंत्रावर काम करत होते. त्यांचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव ०८४, आणि पुढे त्यासाठी काढलेली कंपनी मोडिकॉन. इथे एक फार शहाणा निर्णय झाला, ज्याचं कौतुक पुरेसं होत नाही. संगणकाची भाषा कारागिराला शिकवण्यापेक्षा, कारागीर जो रिलेचा नकाशा वाचत होता तोच त्यांनी प्रोग्रॅमची भाषा म्हणून ठेवला. दोन उभे खांब, मध्ये आडव्या पायऱ्या, दिसायला शिडीसारखा, म्हणून लॅडर. पुढे १९९३ साली आंतरराष्ट्रीय मानकात पाच भाषा आल्या, त्यातही लॅडर राहिलीच. यंत्रानेच माणसाची लिपी शिकून घेतली. आपल्याकडे नवीन यंत्रणा येते तेव्हा बहुधा उलटं घडतं, पण तो विषय आज नको.

हा कंट्रोलर विचार कसा करतो? एका वेळी तीन कामं, गोल गोल. पहिल्यांदा सगळे इनपुट वाचून त्यांची एक नोंद स्वतःजवळ करतो. मग ती नोंद पाहून वरपासून खालपर्यंत शिडी सोडवतो. मग उत्तरं आउटपुटवर टाकतो. की पुन्हा पहिल्यापासून. एका फेरीला काही मिलिसेकंद लागतात. म्हणजे लक्षात घ्या, शिडी सोडवत असताना तो बाहेरच्या जगाकडे बघत नसतो, तो स्वतःच्या वहीकडे बघत असतो. आणि त्या वहीत फक्त शून्य आणि एक लिहिलेलं असतं. एक म्हणजे या टर्मिनलवर व्होल्टेज आहे. शून्य म्हणजे नाही. बटण, दार, बाटली, माणूस यांपैकी काहीच त्याला ठाऊक नाही.

आता त्या शेडमधला प्रसंग. टेबलावर छोटी मोटार, तिचा कॉन्टॅक्टर, चोवीस व्होल्टचा पॉवर सप्लाय, कंट्रोलर, दोन बटणं. हिरवं स्टार्टचं, लाल स्टॉपचं. काम साधं. स्टार्ट दाबलं की मोटार चालू व्हावी, बोट काढलं तरी चालू राहावी, स्टॉप दाबलं की थांबावी. एका मुलाने पंधरा मिनिटांत केलं. स्टार्टच्या बटणाला समांतर मोटारीचाच कॉन्टॅक्ट, ज्याला होल्डिंग म्हणतात. स्टॉपचं बटण त्याने एनओ घेतलं होतं, म्हणजे दाबल्यावर सिग्नल जाणारं, आणि प्रोग्रॅममध्ये त्याच्यापुढे 'नाही'ची खूण. स्टार्ट दाबलं, मोटार फिरली. स्टॉप दाबलं, थांबली. दहा वेळा करून दाखवलं. मीही मान डोलावली.

माझा विद्यार्थी म्हणाला, "छान. परत चालू कर." मोटार फिरायला लागली. मग त्याने खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला, स्टॉपच्या बटणाची एक तार टर्मिनलमधून सैल करून बाहेर काढली, आणि हात मागे बांधून म्हणाला, "आता थांबव."

मुलाने बटण दाबलं. मोटार फिरतेय. जोरात दाबलं. फिरतेय. बाकीची मुलं हसली. तोही आधी हसला. मग हसू गेलं. कारण यंत्र थांबवायचं बटण कधीपासून मेलेलं आहे हे कोणालाच कळण्याचा मार्ग नव्हता. ज्या दिवशी त्याची गरज पडेल त्याच दिवशी ते कळणार होतं.

मग त्याने दुरुस्ती करवून घेतली. स्टॉपचं बटण एनसी. म्हणजे न दाबता सतत सिग्नल येत राहतो, दाबलं की तुटतो. आता तार काढली की मोटार त्या क्षणी थांबते. आणि इथे त्या मुलाने जो प्रश्न विचारला तो दरवर्षी दर वर्गात विचारला जातो म्हणे: "सर, बटण एनसी घेतलं, तर प्रोग्रॅममध्येही एनसीच काढायचं ना?" नाही. प्रोग्रॅममध्ये आता साधी, उघड्या कॉन्टॅक्टची खूण. मुलं गोंधळतात, कारण त्यांना वाटतं शिडीतली ती खूण हे बटणाचं चित्र आहे. ते चित्र नाही, तो एक प्रश्न आहे: 'वहीत या ठिकाणी एक लिहिलंय का?' बटण न दाबलेलं असताना तिथे एक असतो, उत्तर होकारार्थी येतं, पायरी जिवंत राहते. वस्तू वेगळी आणि वस्तूविषयीचं विधान वेगळं, हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर शिकवलं, आणि निम्म्या वर्गाला ते पटलं नाही. इथे न पटवून चालत नाही, कारण मोटार सुरूच होत नाही.

आता अनुपलब्धीकडे येऊ. जमिनीवर घट नाही, हे मला कसं कळतं? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे, घट न दिसणं यातूनच घटाचा अभाव कळतो. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, अभावसुद्धा प्रत्यक्षानेच कळतो. भांडण मोठं आहे. पण एका अटीवर दोन्ही पक्ष जवळ येतात: नुसतं न दिसणं पुरेसं नाही, ते योग्य असावं लागतं. म्हणजे, घट तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे ठीक हवेत, मध्ये पडदा नको. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

मुलाचं पहिलं जोडकाम या कसोटीवर लावून बघा. स्टॉपच्या जागी शून्य आहे. या शून्याचे अर्थ किती? कोणी बटण दाबलेलं नाही, हा एक. तार तुटली आहे, हा दुसरा. तार जोडलीच नव्हती, म्हणजे प्रागभाव. जोडलेली तुटली, म्हणजे प्रध्वंसाभाव. कंट्रोलरला दोन्ही सारखेच, नुसतं शून्य. आणि तो त्या शून्याचा अर्थ 'सगळं ठीक, चालू ठेव' असा घेतो. अंधारात बसून घट नाही म्हणणाऱ्यासारखं. दुसऱ्या जोडणीत काय बदललं? संदिग्धता गेली का? नाही गेली. आताही शून्य आलं तर बटण दाबलं की तार तुटली ते कळत नाहीच. पण आता एक आला तर बटण दाबलेलं नाही आणि तारही शाबूत आहे, या दोन्ही गोष्टी एकदम कळतात. आणि जे कळत नाही ते सगळं थांबण्याच्या बाजूला ढकललेलं आहे. आपल्या अज्ञानाला कुठल्या बाजूला बसवायचं, हा निर्णय स्क्रू ड्रायव्हरने घेतला जातो हे मला त्या दिवशी कळलं.

अर्थात एनसी केलं म्हणजे सगळं झालं असं समजू नका. तार तुटण्याऐवजी घासून चोवीस व्होल्टला चिकटली, तर एक कायमचा राहील. म्हणून इमर्जन्सी स्टॉपच्या त्या लाल भूछत्रासारख्या बटणात दोन वेगळे एनसी कॉन्टॅक्ट घेतात, आणि ते साध्या प्रोग्रॅमच्या भरवशावर न सोडता सेफ्टी रिलेला देतात. तो दोन्ही वाटा एकमेकींशी ताडून बघतो आणि फरक दिसला की कॉन्टॅक्टरची वीजच काढून घेतो.

याच विचाराचं मला सगळ्यात आवडलेलं रूप म्हणजे चार ते वीस मिलिअँपिअर. भट्टीचं तापमान मोजायचं आहे, समजा ० ते ४०० अंश. सेन्सरकडून येणारा करंट त्याप्रमाणे बदलतो. १२ मिलिअँपिअर आला तर २०० अंश. पण शून्य अंशाला करंट शून्य ठेवलेला नाही, चार ठेवला आहे. का? कारण शून्य अंश ही एक बातमी आहे, आणि करंटच नसणं म्हणजे बातमी देणाराच गेला. शून्यापासून सुरू होणाऱ्या सिग्नलमध्ये भट्टी थंड आहे की तार तुटली आहे ते कळत नाही, आणि थंड समजून कंट्रोलर हीटर आणखी तापवत बसतो. शून्य आणि अभाव यांत फरक आहे हे मी नागार्जुन शिकवताना सांगायला धडपडत असे. इथे त्या फरकाची किंमत चार मिलिअँपिअर.

शिकवणारे काही वर्ग हे सगळं पडद्यावरच शिकवतात. लॅपटॉपवर सिम्युलेशन, तीस दिवस, प्रमाणपत्र. मी असा एक वर्ग पाहून आलो, नाव घेत नाही. मुलं हुशार होती. पण सिम्युलेशनमध्ये तार तुटत नाही, स्क्रू सैल होत नाही, कॉन्टॅक्ट चिकटत नाही. स्टार-डेल्टाचं उदाहरण घ्या. मोठी मोटार एकदम चालू केली तर फार करंट ओढते, म्हणून सुरुवातीला तिची वाइंडिंगं स्टारमध्ये जोडतात. ४१५ व्होल्टच्या लाइनवर प्रत्येक वाइंडिंगला साधारण २४० मिळतात आणि लाइनचा करंट एक तृतीयांश होतो. काही सेकंदांनी वेग आला की स्टारचा कॉन्टॅक्टर सोडायचा, डेल्टाचा ओढायचा. दोन्ही एकदम लागले तर तिन्ही फेज एकमेकांवर, थेट शॉर्ट. पडद्यावर मुलाने लिहिलं: स्टार बंद, डेल्टा चालू, एकाच फेरीत. पडद्यावर बरोबर चाललं. खऱ्या पॅनेलमध्ये प्रोग्रॅम दोन-चार मिलिसेकंदांत पुढे जातो, आणि लोखंडाचा कॉन्टॅक्टर सुटायला त्याच्या कितीतरी पट वेळ घेतो, वर ठिणगी विझायची असते ती वेगळीच. म्हणून मध्ये टायमर लागतो. आणि टायमरही पुरत नाही, कारण स्टारचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटले तर? प्रोग्रॅमच्या वहीत 'स्टार बंद' लिहिलेलं असेल, प्रत्यक्षात तो लागलेला असेल. तेव्हा स्टारच्या कॉन्टॅक्टरवरचा एनसी कॉन्टॅक्ट डेल्टाच्या कॉइलच्या वाटेत तारेनेच घालतात, आणि डेल्टाचा स्टारच्या वाटेत. तो जोवर खरोखर मिटत नाही तोवर दुसऱ्याला वीज जात नाही. आदेश दिला म्हणजे काम झालं असं नाही, हे सरकारी कचेरीत गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. (हशा)

गिल्बर्ट राइलने १९४९ च्या पुस्तकात 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'कसं करायचं हे माहीत असणं' यांत जो भेद केला, तो आमच्या अभ्यासक्रमात होता. मी तो सायकल चालवण्याच्या उदाहरणावर भागवत असे. आता मी लग दाबण्याचं उदाहरण देईन. तारेच्या टोकाला लग दाबल्यावर ती हाताने ओढून बघायची. किती जोराने? ते पुस्तकात लिहून कळत नाही, हाताला कळतं. आणि आपल्याकडे हाताच्या ज्ञानाला ज्ञान न म्हणण्याची जुनी खोड आहे. ती कुठून आली हे तुम्हाला ठाऊक आहे. मीही त्यातून सुटलेलो नव्हतो, आणि हे मला सांगायलाच हवं, कारण माझे वडील वायरमन होते.

परळच्या एका गिरणीत. साठचं दशक. त्या वेळी किटकॅट फ्यूज असत, चिनीमातीचे, हाताने उपसून काढायचे. वडील लाइनवर काम करायच्या आधी तिन्ही फ्यूज काढत आणि खिशात घालत. बोर्डावर ठेवत नसत, दुसऱ्याकडे देत नसत. एकदा विसरून घरी घेऊन आले, आणि रात्री साडेअकराला खात्यातला माणूस चाळीत हाका मारत आला, सांचे बंद पडलेत म्हणून. आईने ती हकिगत पुढे वीस वर्षं सगळ्यांना सांगितली. आज कारखान्यात याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. आयसोलेटर बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, नावाची चिठ्ठी अडकवायची, किल्ली स्वतःच्या खिशात. मला ते नवं नाव कळलं तेव्हा वडिलांचा खाकी खिसाच डोळ्यांपुढे आला.

वडिलांचे एक जोडीदार होते. कोकणातले, माझ्या मुंजीत वाढायला होते. त्यांनी एकदा टेस्टर लावला, दिवा लागला नाही, आणि तार धरली. भर दुपार होती आणि ते कोरड्या लाकडी स्टुलावर उभे होते. निऑन टेस्टरचा उजेड आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी किंचित करंटवर असतो. स्टुलावर तो मंदावतो, आणि दिवसाच्या उजेडात तेवढा मंद दिवा दिसतच नाही. दुसरा हात त्यांनी आधाराला लोखंडी पाइपवर ठेवला होता. वडील त्या रात्री जेवले नाहीत. मी तेव्हा नववीत होतो. त्यानंतर मला इलेक्ट्रिकच्या कामाकडे जाऊ द्यायचं नाही हे घरात ठरलं, आणि मी आर्ट्सला गेलो. म्हणजे मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झालो तो असा.

भोसरीच्या वर्गात पाचव्या आठवड्यात मुलांना हे शिकवलं: वीज बंद आहे याची खात्री कशी करायची. तिथे निऑन टेस्टर चालत नाही, दोन टोकांचा मापक लागतो. आधी तो चालू असल्याचं माहीत असलेल्या जागी लावायचा. व्होल्टेज दाखवतोय? मग जिथे काम करायचं तिथे, प्रत्येक फेज दुसऱ्या फेजशी, प्रत्येक फेज अर्थिंगशी. काही नाही दाखवत? थांबा, अजून हात लावायचा नाही. पुन्हा त्या चालू जागी लावून बघायचं, की मधल्या वेळात मापकच तर मेला नाही ना. तिन्ही झाल्यावरच 'वीज नाही' हे विधान करायचा अधिकार मिळतो. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. असता तर दिसला असता, आणि दिसण्याचं साधन आधीही ठीक होतं, नंतरही ठीक आहे. कुमारिलाच्या परंपरेतल्या कुठल्याही पंडिताने याला योग्यानुपलब्धीचं निर्दोष उदाहरण म्हणून मान्यता दिली असती. साठ वर्षांपूर्वी परळला हे कोणी वर्गात शिकवलं असतं तर, असंही मनात आलं, आणि त्या दिवशी मी तास न घेता घरी गेलो.

तुमच्यापैकी काहींची मुलं-नातवंडं या क्षेत्रात जायचं म्हणतायत, हे मला ईमेलमधून कळलं. कुठला वर्ग चांगला, ते मी सांगू शकत नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा पाया असेल आणि नंतर कारखान्यात अॅप्रेंटिस म्हणून काढलेलं वर्ष असेल, तर मला ते तीस दिवसांच्या प्रमाणपत्रापेक्षा भारी वाटतं, इतकंच. पण वर्ग बघायला जाल तेव्हा कंट्रोलर कुठल्या कंपनीचा आहे हे विचारू नका, ते सगळे विचारतात. टेबलावर खरी मोटार आहे का, ते बघा. तीन-फेज येतंय का, कुलूप आणि चिठ्ठी आहे का. आणि शिकवणाऱ्याला म्हणा, चालू असताना स्टॉपची तार काढून दाखवाल का? तो लगेच खिशात हात घालून स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागला, तर फी भरायला हरकत नाही.

इथे थांबतो. चार प्रकारच्या अभावांपैकी अन्योन्याभाव आज राहिलाच, तो पुढच्या वेळी. आता प्रश्न घेऊ. मागे कोणीतरी मघापासून हात वर करून बसलंय.